पुराच्या नकाशाची पारख

मिठी नदी पवई व विहार या तलावांच्या सांडव्याच्या पाण्यापासून निघते आणि माहीमच्या खाडीस मिळते. दिनांक २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी दुपारी समुद्रास मोठी भरती होती; नदीचे पाणी पुढे सरेना व ते वस्तीत पसरले. असे पाणी पुन्हा कोठवर चढेल, हे आगाऊ दाखविणारे नकाशे आता तयार केले जातात. त्यांवर कितपत विसंबावे, हे मुख्यतः जमिनीची उंची कशी मोजली यावर अवलंबून असते.

शाळेत दाखविला जाणारा स्थलदर्शक नकाशा या कामी अपुरा पडतो. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात समोच्चरेषा सामान्यतः २० मीटरांच्या अंतराने असतात. पुराचा प्रश्न तर हातभर पाण्याचा! म्हणून उंची आकाशातून मोजतात. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानाने रडारच्या लहरी सोडून जगाच्या बहुतेक भूभागाची उंची अकरा दिवसांत टिपली. परंतु रडारला जमीन व छप्पर यांतील भेद कळत नाही. खाडीतील तिवरांचे शेंडे किंवा इमारतींच्या गच्च्या यांवरून लहर परतली, की तेथील जमीनच तेवढी उंच असल्याची नोंद होते. किनाऱ्यालगत ही चूक सरासरी सुमारे २ मीटरांची निघाली. २०१९ साली संशोधकांनी ती बऱ्याच अंशी दुरुस्त केली, तेव्हा भरतीच्या पातळीखाली राहणाऱ्या लोकांचा जगातील अंदाज २ कोटी ८० लाखांवरून ११ कोटींवर गेला. समुद्र तसूभरही चढला नव्हता. मोजमाप तेवढे बदलले होते.

त्या वेळी २०५० सालच्या मुंबईचे नकाशे वृत्तपत्रांत आले, ते पाहून पुष्कळांची गाळण उडाली. त्यांत रंगविलेला भाग म्हणजे भरतीच्या पातळीखाली येणारी जमीन. बांधांचा हिशेब त्यात धरलेला नव्हता. कोकणातील शिक्षकांस हा भेद समजावून सांगावयास नको. खारभूमी भरतीपेक्षा खाली असली, तरी बांध शाबूत असेतो तीत भात पिकतो.

भाकीत खरे किती, हे प्रत्यक्ष पुराशी ताडूनच कळते. रडार उपग्रहास ढगांतूनही दिसते, आणि शांत पाणी त्याच्या चित्रात काळे उमटते. मात्र दाट वस्तीत भिंतींवरून परतणाऱ्या लहरी ते झाकून टाकतात. शिवाय उपग्रह त्याच जागी काही दिवसांनी येतो. तोवर शहरातील पाणी बहुधा ओसरलेले असते. म्हणून भिंतीवर राहिलेल्या पाण्याच्या खुणेस मोल आहे. शाळेच्या वा देवळाच्या भिंतीवर अशी खूण असल्यास विद्यार्थ्यांकरवी जमिनीपासून तिची उंची मोजवावी, पुराची तारीख व वेळ नोंदवहीत लिहावी आणि गावनकाशावर ती जागा दाखवावी. पाणी गोडे होते की खारे, हेही वृद्ध ग्रामस्थांस विचारून नोंदवावे.