मालमत्तेचे नियोजन व दानधर्म : विश्वस्त व्यवस्था आणि हेतूची स्पष्टता

प्रस्तावना :
आयुष्यभराच्या मिळकतीची व्यवस्था लावताना बहुतेकांसमोर दोन हेतू असतात : कुटुंबीयांचा निर्वाह आणि समाजऋणाची फेड. मृत्युपत्र हे त्याचे परिचित साधन होय. परंतु वारस अज्ञान अथवा परावलंबी असल्यास, किंवा दान दीर्घकाळ चालावे अशी इच्छा असल्यास विश्वस्त व्यवस्था अधिक उपयुक्त ठरते. प्रस्तुत लेखात या व्यवस्थेचे स्वरूप व तीत हेतूच्या स्पष्टतेला असलेले महत्त्व विशद केले आहे.

खाजगी व सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था :
कुटुंबीयांसारख्या निश्चित लाभार्थींसाठी केलेली व्यवस्था खाजगी होय. तिला भारतीय न्यास अधिनियम, १८८२ लागू होतो. स्थावर मालमत्तेबाबत ती नोंदणीकृत दस्ताने किंवा मृत्युपत्रानेच करता येते. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते. मात्र हयातीत दस्ताने निर्माण केलेला न्यास, तसा अधिकार राखून ठेवला नसेल तर, सर्व लाभार्थींच्या संमतीवाचून रद्द करता येत नाही.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेस महाराष्ट्रात १९५० चा अधिनियम लागू आहे. तिची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेकडे करावी लागते व तिची स्थावर मालमत्ता विकण्यास त्यांची पूर्वपरवानगी लागते. खाजगी न्यासात मालमत्ता अनंत काळ बांधून ठेवता येत नाही. लोकहिताच्या दानास मात्र हे बंधन नाही.

'धर्म' शब्दाचा प्रश्न :
मृत्युपत्रात केवळ 'धर्मासाठी' असे लिहून ठेवलेल्या दानाचे काय होते? रणछोडदास विरुद्ध पार्वतीबाई या मुंबईतून गेलेल्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने १८९९ मध्ये असे दान संदिग्धतेमुळे निरर्थक ठरविले. दात्याच्या मनात पुण्यकार्य होते. परंतु न्यायालयास अंमलात आणता येईल असा निश्चित हेतू त्या शब्दात नव्हता. पुढे १९५० च्या अधिनियमाच्या कलम १० ने ही उणीव दूर केली. धर्म, धर्मादाय, पुण्यदान अशा हेतूंसाठी केलेली सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था केवळ हेतू अनिश्चित आहे या कारणास्तव आता रद्दबातल ठरत नाही.

समारोप :
कायद्याने दान वाचविले, तरी दात्याची इच्छा आपोआप स्पष्ट होत नाही. एखाद्या निवृत्त प्राध्यापकाने 'गरजू विद्यार्थ्यांसाठी' रक्कम ठेवली, तर शिष्यवृत्ती व्याजातून द्यावयाची की मुद्दलातून, निवड कोणी करावयाची, तो अभ्यासक्रम बंद पडल्यास काय करावयाचे, हे प्रश्न उरतातच. त्यांची उत्तरे न्यासपत्रात नसतील, तर ती विश्वस्तांना अथवा न्यायालयास शोधावी लागतात. म्हणूनच रक्कम किती, यापेक्षा ती कशासाठी व कोणाच्या हाती, याचा निर्णय दात्याने हयातीतच स्वच्छ शब्दांत नोंदविणे हेच नियोजनाचे मर्म होय.