नवजात बालकाचे वजन : दोन पिढ्यांचा हिशेब

प्रसूतिगृहातून बाळाचा पहिला आवाज ऐकू आला, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "वजन किती भरले?" त्या एका आकड्यात आईच्या नऊ महिन्यांच्या आहाराबरोबरच तिचे बालपण, शिक्षण, लग्नाचे वय आणि वाट्याला आलेले कष्टही मोजले जात असतात. जन्मतः अडीच किलोहून कमी भरणारे बालक 'कमी वजनाचे' मानले जाते.

दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्सच्या पश्चिम भागात भीषण अन्नटंचाई झाली. गरोदरपणाचे अखेरचे महिने उपासमारीत काढलेल्या मातांच्या बालकांचे सरासरी वजन सुमारे ३०० ग्रॅमने घटले. मे १९४५ मध्ये मुक्तता होऊन अन्न मिळू लागताच ते थोड्याच काळात सावरले. कारण त्या माता मुळात सुदृढ होत्या.

पिढ्यानपिढ्यांची उणीव इतक्या लवकर भरून येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत माता व बालकांचा अभ्यास केला. तेथील मातांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो आणि बालकांचे २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. पालेभाज्या, फळे व दूध वरचेवर घेणाऱ्या मातांची बालके आकाराने मोठी, तर शेतीची व पाणी आणण्याची जड कामे करणाऱ्यांची लहान आढळली. ही बालके स्नायूंनी कृश असली, तरी त्यांच्या त्वचेखालील मेद तुलनेने टिकून होता. अशा बालकाच्या वाट्याला पुढे एकाएकी सुबत्ता व बैठे जीवन आले, तर मधुमेहाचा धोका वाढतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ ते २०१९-२१ या काळात देशातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण ३९ वरून ८९ टक्क्यांवर गेले. वीस ते चोवीस वयोगटातील स्त्रियांत अठरा वर्षांपूर्वी विवाह झालेल्यांचे प्रमाण ४७ वरून २३ टक्क्यांवर आले. तरीही वजनाची नोंद झालेल्या बालकांपैकी सुमारे १८ टक्के कमी वजनाचीच होती. २०१५-१६ मध्येही हे प्रमाण तेवढेच होते. रुग्णालयाचे दार उघडले, पण आईचे शरीर घडण्यास एक पिढी लागते.

म्हणूनच नवजात अतिदक्षता कक्षातील प्रत्येक खाटेइतकेच मोल किशोरवयीन मुलीच्या रक्ततपासणीला, तिच्या ताटातील पालेभाजीला आणि तिच्या शाळेच्या आणखी चार वर्षांना आहे. आज दिलेल्या या साहाय्याचा हिशेब उद्या तिच्या बाळाच्या वजनात उमटेल.