शिकलगाराच्या हातचा तंबोरा

भक्तिसंध्येत गायकाच्या मागे झंकारणारा तंबोरा आपण भावभराने ऐकतो. तो घडविणारे हात मात्र अज्ञात राहतात. मिरजेच्या फरीदसाहेबांचे घराणे शिकलगारांचे, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांचे. इंग्रजी अमलात लढाया थांबल्या आणि पिढीजात धंदा बसला. तेव्हा १८५०च्या सुमारास, पटवर्धनांच्या संगीतप्रेमी संस्थानात, ते तंतुवाद्ये घडवू लागले.

हे काम धीराचे आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा पूर्ण वाळवून निवडायचा, त्यास लाकडी गळा व दांडी जोडायची. खरी कसोटी जवारीची. घोडीचा माथा कानसेने किंचित किंचित घासायचा आणि तारेखाली सुताचा धागा सरकवीत स्वर खुलवायचा. येथे मोजपट्टी चालत नाही. कान हेच प्रमाण.

इटलीतील क्रेमोनाच्या अंतोनिओ स्त्रादिवारीने व्हायोलिनला अजोड रूप दिले. १७३७ मध्ये तो वारला. सोबत काम करणारे दोन्ही पुत्रही सहा वर्षांत गेले. कापडाचा व्यापार करणाऱ्या धाकट्या मुलाच्या घरातून पुढे त्याची हत्यारेही विकली गेली. मिरजेत मात्र फरीदसाहेबांचे वंशज आजही सतार-तंबोरे घडवीत आहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

काळाने शिकलगारांचे गिऱ्हाईक नेले, कसब नेले नाही. हिंसेच्या साधनांवर झिजलेले हात स्वरसाधनेला लागले. धंदा पालटण्याची वेळ आलेल्या प्रत्येक कुटुंबाने मिरजेच्या त्या गल्लीत एकदा अवश्य जावे.