हे कळले कसे?

२०२० सालच्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत महाराष्ट्रात कोंबड्यांचे भाव कोसळले. 'कोंबडी खाल्ली की करोना होतो' असा मेसेज गावोगाव फिरत होता. राज्यात करोनाचे पहिले रुग्ण पुण्यात सापडले ते ९ मार्चला. म्हणजे रोगाच्या आधी त्याची अफवाच येऊन पोचली होती. गिऱ्हाईक नाही म्हणून कोंबड्यांना खाद्य घालणे परवडेना. काही कुक्कुटपालकांनी पक्षी फुकट वाटले, काहींनी जिवंत पुरले.

पुढच्याच वर्षी, जानेवारी २०२१ मध्ये, पुन्हा कोंबड्यांची बातमी आली. परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात एका ठिकाणच्या सुमारे ८०० कोंबड्या एकदोन दिवसांत मेल्या. त्यांना बर्ड फ्लू झाला होता आणि ही बातमी खरी होती.

समजा, आपण हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापूरच्या एखाद्या शाळेत आठवीच्या वर्गात उभे आहोत. परभणी हा शेजारचाच जिल्हा. या मुलांच्या घरी दोन्ही बातम्या पोचल्या, दोन्ही मोबाईलवरून आणि दोन्ही ओळखीच्याच माणसांकडून. ऐकताना दोन्ही सारख्याच वाटल्या. मग एक खोटी आणि दुसरी खरी, हे मुलांनी ओळखायचे कसे?

साथीच्या काळात आपण मुलांना सांगतो, 'अफवांवर विश्वास ठेवू नका.' सल्ला चांगला आहे. पण अडचण अशी की अफवेच्या कपाळावर 'अफवा' असे लिहिलेले नसते. त्यापेक्षा मुलांच्या हाती एक प्रश्न द्यावा: हे कळले कसे? हा प्रश्न वापरून काय काय उलगडते ते पाहू.

माग काढता येतो का?

मुरुंब्याच्या बातमीला हा प्रश्न विचारला तर उत्तराचा माग काढता येतो. मेलेल्या पक्ष्यांचे नमुने भोपाळच्या राष्ट्रीय पशुरोग प्रयोगशाळेत तपासले गेले. तिथे बर्ड फ्लूचा विषाणू सापडला आणि त्यानंतर आसपासचे पक्षी नष्ट करण्याचा निर्णय झाला. कोणी, काय तपासले, काय सापडले, या साखळीतली प्रत्येक कडी दाखवता येते.

२०२० च्या मेसेजला तोच प्रश्न विचारा. कोणत्या कोंबडीत हा विषाणू सापडला? कोणत्या प्रयोगशाळेत? कोणाला तिच्यापासून लागण झाली? साखळीची एकही कडी हाती लागत नाही. 'मला अमक्याने पाठवले' एवढेच उत्तर मिळते, आणि त्या अमक्यालाही दुसऱ्या कोणीतरी पाठवलेले असते. पाठवणारा मेहुणा किंवा मित्र भरवशाचा असेलही. पण माणूस भरवशाचा असणे वेगळे आणि त्याला ती गोष्ट माहीत असणे वेगळे.

इथे एखादा चौकस मुलगा म्हणेल, 'पण सर, कोंबड्यांना करोना होतो असे मी वाचले आहे.' त्याचे वाचन चुकीचे नाही. कोंबड्यांच्या श्वसनमार्गाचा एक जुना रोग करोना विषाणूमुळेच होतो आणि पिलांना त्याची लसही देतात. मात्र 'करोना' हे विषाणूंच्या एका मोठ्या कुळाचे नाव आहे. ते आडनावासारखे समजावे. गावात दहा घरे पाटलांची असली तरी एका पाटलाचे कर्ज दुसऱ्याला फेडावे लागत नाही. कोंबड्यांचा तो विषाणू माणसाला आजारी करत नाही आणि २०२० च्या साथीचा विषाणू कोंबड्यांमध्ये वाढत नाही. अफवेत असा खऱ्याचा एखादा तुकडा असला की ती जास्त पटते.

शेवटचे वाक्य गळते

आता आपल्या परिसराच्या जिव्हाळ्याचा विषय घेऊ. वसमत-हिंगोलीचा भाग हळदीचा. हळदीने करोना बरा होतो, असे कोणी म्हटले तर इथल्या माणसाला ते खरे वाटावे, ही अगदी साहजिक गोष्ट आहे. आपल्या पिकाचा गौरव कोणाला नको? म्हणूनच इथे जास्त जपून पाहायला हवे. जी गोष्ट खरी असावी असे आपल्याला मनापासून वाटते, तिला आपण प्रश्न कमी विचारतो.

मार्च २०२० च्या अखेरीस केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने प्रतिकारशक्तीसाठी काही घरगुती उपाय सुचवले. त्यांत १५० मिलिलिटर गरम दुधात अर्धा चमचा हळद घालून प्यावे, असेही होते. याच सल्ल्यात असेही स्पष्ट केले होते की, हा करोनावरचा उपचार असल्याचा दावा नाही. लोकांच्या मेसेजमध्ये हळदीचे दूध राहिले आणि हे वाक्य गळले. राहिले ते एवढेच: 'सरकारने सांगितले आहे, हळदीने करोना जातो.'

म्हणून मेसेजवर थांबू नये, मूळ कागद पाहावा. तो मोठा असला तर निदान त्याचा शेवट तरी वाचावा. अपवाद, अटी आणि मर्यादा बहुधा तिथेच लिहिलेल्या असतात आणि बातमी पुढे सरकताना पहिल्यांदा त्याच गळतात.

'हळदीतल्या द्रव्याने प्रयोगशाळेत विषाणू मेला' अशीही बातमी येते. काचेच्या बशीतला विषाणू साबणानेही मरतो, पण म्हणून आपण साबण खात नाही. बशीत जे घडते ते शरीरात घडेलच असे नाही. हळदीतले कर्क्युमिन तर आतड्यातून रक्तात फारच थोडे शोषले जाते. हळद स्वयंपाकात आहे तिथे उत्तमच आहे. मात्र तिच्या भरवशावर दवाखान्यात जायला उशीर झाला, तर तो जिवावर बेतू शकतो.

बरा झाला, पण कशाने?

'आमच्या काकांनी हे औषध घेतले आणि ते बरे झाले.' यात खोटे काहीच नाही. काकांनी औषध घेतले हे खरे आणि ते बरे झाले हेही खरे. पण ते औषधाने बरे झाले, हे कळले कसे? वर्गात एक प्रयोग करून पाहा.

चाळीस चिठ्ठ्या करा. बत्तीस चिठ्ठ्यांवर 'बरा' लिहा, आठांवर 'गंभीर'. चाळीस मुलांपैकी वीस जणांना खडीसाखरेचा एकेक खडा द्या आणि हेच आपले औषध समजा. मग डब्यातून प्रत्येकाला एक चिठ्ठी उचलू द्या. खडीसाखर खाल्लेल्यांपैकी साधारण सोळा जण 'बरे' होतील. त्यांना उभे करून विचारा, 'तुम्ही कशाने बरे झालात?' वर्ग एकमुखाने हसेल. आता खडीसाखर न मिळालेल्यांतले 'बरे' मोजा. तेही जवळपास तितकेच निघतील. औषध न घेणाऱ्यांशी तुलना केल्याशिवाय औषधाचा गुण कळत नाही, हे मुलांना न सांगताच समजेल.

खेळ चार-पाच वेळा करा. एखाद्या फेरीत खडीसाखरवाले अठरा बरे होतील आणि दुसऱ्या गटातले चौदाच. त्या एकाच फेरीवर बातमी छापली असती तर? थोड्या माणसांवरच्या प्रयोगात नशिबाचा वाटा मोठा असतो.

हा नुसता खेळ नाही. २०२० मध्ये करोनातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला प्लाझ्मा रुग्णाला देण्याचा उपचार सुरू झाला. कल्पना अगदी तर्काला धरून होती: बऱ्या झालेल्याच्या रक्तात विषाणूशी लढणारी प्रतिपिंडे असतात, ती रुग्णाला द्यावीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर त्याची चाचणी घेतली. प्लाझ्मा मिळालेल्या २३५ पैकी ४४ जणांचा आजार गंभीर झाला किंवा ते दगावले. न मिळालेल्या २२९ पैकी ४१ जणांचे तेच झाले. म्हणजे १९ टक्के आणि १८ टक्के. फायदा दिसला नाही. हा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

तरीही एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या लाटेत 'प्लाझ्मादाता तातडीने हवा' असे मेसेज रात्रंदिवस फिरत होते. रुग्णाला खाटेवर ठेवून नातेवाईक दात्याच्या शोधात गावे पालथी घालत होते. मे २०२१ मध्ये हा उपचार अधिकृत सूचनांतून वगळला गेला. माहिती उपलब्ध असूनही ती वेळेवर पोचली नाही, तर लोकांचे किती हाल होतात, ते यातून दिसते.

मत बदलले तर?

पालक विचारतात, 'शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरे. विश्वास ठेवायचा कसा?' प्रश्न रास्त आहे. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ठामपणे जाहीर केले होते की करोना हवेतून पसरत नाही. पण त्याच महिन्यात अमेरिकेतल्या एका गायकवृंदाच्या सरावाला ६१ जण जमले आणि त्यांतले ५३ जण आजारी पडले. आपल्याकडच्या बंद खोलीतल्या भजनी मंडळाची कल्पना करा, म्हणजे चित्र डोळ्यांसमोर येईल. अशी उदाहरणे साठत गेली. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे लक्ष वेधले. संघटनेने आपले म्हणणे हळूहळू बदलले आणि २०२१ मध्ये श्वासावाटे हवेतून होणारा प्रसार मान्य केला. या बदलाचा वर्गाशी थेट संबंध होता. टेबल पुसण्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, खिडक्या उघडण्याला महत्त्व आले.

मोठी संस्थाही चुकते, हे मुलांपासून लपवू नये. मत बदलले की विचारावे, 'नवे काय कळले?' समाधानकारक उत्तर मिळाले तर तो बदल भरवसा वाढवणारा आहे. अफवेचे मत असे बदलत नाही. ती चुकली हे कोणी कबूल करत नाही, ती फक्त विसरली जाते.

कोणाला काय विचारावे?

सगळ्या प्रश्नांना एकच जाणकार नसतो. एप्रिल २०२० मध्ये मालेगाव आणि मुंबईच्या बंदोबस्तावरून हिंगोलीला परतलेल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या जवानांत करोनाची लागण सापडली. 'आपल्या जिल्ह्यात रुग्ण आहेत का, किती?' या प्रश्नाचे उत्तर जिल्ह्याच्या आरोग्य विभागाकडेच मिळणार. दिल्लीच्या नामवंत डॉक्टरला ते ठाऊक नसते. उलट 'विषाणू कसा पसरतो?' याचे उत्तर एका गावाच्या अनुभवातून मिळत नाही, त्याला अनेक ठिकाणचा अभ्यास लागतो.

'मी ही गोळी घेऊ का?' हा तिसराच प्रश्न. तो आपल्याला तपासणाऱ्या डॉक्टरलाच विचारावा. डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाची ब्रिटनमध्ये २०२० साली मोठी चाचणी झाली. कृत्रिम श्वसनावर असलेल्या रुग्णांतले मृत्यूंचे प्रमाण त्याने ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आले. पण ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना त्याचा काही फायदा दिसला नाही. म्हणजे शेजाऱ्याला तारणारी गोळी आपल्या उपयोगाची असेलच असे नाही.

गावात पहिला प्रश्न येतो तो आशाताईकडे किंवा आपल्याकडे, शिक्षकांकडे. सगळे आपल्याला माहीत असणे शक्य नाही. 'मला ठाऊक नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून उद्या सांगतो' असे म्हणायला संकोच वाटू नये. मात्र दुसऱ्या दिवशी खरोखरच विचारून आलेले असावे.

ही सवय साथ आल्यावर लावू म्हटले तर उशीर होतो. आजच वर्गात एक वही सुरू करता येईल. पानावर चार रकाने आखा: बातमी काय, कोणी सांगितली, त्याला कळले कसे, आणि महिन्याभराने काय निघाले. डेंग्यू, कुत्रा चावणे, सर्पदंश, पिकावरची फवारणी असे विषय गावात रोजच निघतात. मुलांना आठवड्याला एकच बातमी आणू द्या. तिसरा रकाना बऱ्याचदा रिकामा राहील. तो तसाच राहू द्या आणि ती बातमी पुढे कोणाला सांगायची का, हे वर्गालाच ठरवू द्या.