डॅन्यूबकाठच्या दफनटेकड्यांची वाट

जर्मनीच्या पर्यटनाचा विचार मनात आला की म्युनिक, बर्लिन, ऱ्हाइन नदीवरील नौकाविहार किंवा ब्लॅक फॉरेस्ट ही नावे सहज ओठांवर येतात. त्या देशाच्या नैर्ऋत्येकडील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात, हेर्बर्टिंगेन या छोट्या गावाजवळ, डॅन्यूब नदीच्या काठाने जाणारी सुमारे आठ किलोमीटरची एक वर्तुळाकार पायवाट आहे. भारतीय प्रवाशांच्या कार्यक्रमपत्रिकेत ती क्वचितच आढळते. ज्यांना इतिहासाची आवड आहे आणि अर्धा दिवस चालण्याची तयारी आहे, त्यांनी तिच्यासाठी एक दिवस अवश्य राखून ठेवावा.

हुंडरसिंगेन या खेड्यापासून ही वाट सुरू होते. शेते, कुरणे, लहान ओढे आणि बीच वृक्षांची दाट राई यांतून वळणे घेत ती पुन्हा त्याच खेड्याशी येऊन मिळते. चढउतार बेताचेच आहेत. मात्र वाटेत ज्या गवताळ टेकड्या दिसतात, त्यांतील कित्येक निसर्गनिर्मित नाहीत. अडीच हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी केल्ट लोकांनी आपल्या मान्यवर मृतांवर रचलेले ते मातीचे ढिगारे आहेत. गावाजवळच्या बाउमबुर्ग या टेकाडाची कथा तर दुहेरी आहे. मूळची ती दफनटेकडी असावी आणि मध्ययुगात कोणा सरदाराने तिच्याच माथ्यावर आपली गढी बांधली, असे मानले जाते. पूर्वजांच्या श्रमाचा आयता लाभ घेण्याची ही रीत जगभर सारखीच दिसते.

वाटेचे मुख्य आकर्षण म्हणजे हॉयनेबुर्ग हा डॅन्यूबवर नजर ठेवणारा गड. इसवी सनपूर्व ६०० च्या सुमारास त्याच्या माथ्यावर उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांची तटबंदी उभारण्यात आली. चुनखडीच्या दगडाचा पाया, त्यावर विटांचे बांधकाम आणि वर गिलावा, अशी तिची रचना होती. तिची लांबी सुमारे ७५० मीटर भरते. आल्प्स पर्वताच्या उत्तरेस असे बांधकाम त्या काळी कोणी करीत नसे. ही विद्या भूमध्य समुद्राकाठच्या देशांतून आली, हे उघड आहे. पावसाळी आणि थंड हवेच्या प्रदेशात कच्च्या विटेची भिंत टिकवणे म्हणजे सततच्या डागडुजीचा खर्च. तरीही ती काही दशके उभी राहिली. यावरून ती बांधणाऱ्याच्या ऐपतीची आणि हौसेची कल्पना येते. इसवी सनपूर्व ५४० ते ५३० च्या दरम्यान मोठ्या आगीत ती नष्ट झाली. आज तिचा काही भाग आणि काही घरे मूळ जागी पुन्हा उभारलेली आहेत.

गडाच्या माथ्याचे क्षेत्र अवघे तीन हेक्टर आहे. तथापि त्याच्या पायथ्याशी पसरलेली वस्ती धरली, तर एकूण विस्तार सुमारे शंभर हेक्टरपर्यंत जातो, असे उत्खननांतून दिसून आले. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इसवी सनपूर्व पाचव्या शतकात लिहिताना, डॅन्यूबचा उगम केल्टांच्या देशात पायरीन या नगराजवळ होतो, असा उल्लेख केला आहे. ते नगर म्हणजेच हॉयनेबुर्ग असावे, असे अनेक पुरातत्त्वज्ञांचे मत आहे. पुरावा निर्णायक नाही; पण डॅन्यूबच्या वरच्या खोऱ्यात या मानाला याहून योग्य स्थळ सापडणेही कठीण.

या वैभवाचा आधार व्यापार होता. येथे ग्रीक मातीची भांडी सापडली, दक्षिण फ्रान्सकडून मद्य घेऊन आलेल्या कुंभांचे तुकडे सापडले आणि बाल्टिक किनाऱ्याकडील अंबरही सापडले. बँकेच्या ग्राहकांना एका गोष्टीचे विशेष कुतूहल वाटेल. हा सारा व्यवहार नाण्यांविना चालला. केल्ट लोकांनी स्वतःची नाणी पाडण्यास सुरुवात केली ती इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात. तोवर सोने, अंबर आणि कांस्य हीच संपत्ती होती आणि तिचा मोठा हिस्सा मालकाबरोबर जमिनीत जात असे.

म्हणूनच दफनटेकड्यांना चोरांचे भय पहिल्यापासून होते. गडाच्या पश्चिमेस, राईच्या सावलीत होहमिशेले नावाची टेकडी आहे. तिची उंची १३ मीटरांहून अधिक असून मध्य युरोपातील सर्वांत मोठ्या दफनटेकड्यांत तिची गणना होते. १९३६ ते १९३८ या काळात तेथे उत्खनन झाले, तेव्हा मधली मुख्य कोठी प्राचीन काळीच लुटली गेल्याचे आढळले. बाजूची एक कोठी मात्र चोरांच्या नजरेतून सुटली होती. तीत एक पुरुष व एक स्त्री, चारचाकी गाडा आणि बाणांचा भाता मिळाला. येथील वस्त्राच्या धाग्यांत चिनी रेशीम असल्याचा समज काही काळ प्रचलित होता. नंतरच्या तपासणीत तो टिकला नाही. गडाजवळच्या गीस्यूबेल-टालहाउ येथील चार टेकड्या तर आगीनंतर ओस पडलेल्या घरांच्या अवशेषांवरच रचलेल्या आहेत. जेथे चुली पेटत होत्या, तेथेच दफन झाले.

चोरांहून मोठा शत्रू मात्र नांगर आहे. शेकडो वर्षांच्या नांगरटीने कित्येक टेकड्या शेताच्या पातळीला आल्या. गडापासून सुमारे अडीच किलोमीटर अंतरावर, डॅन्यूबच्या सखल पूरमैदानात बेटेलब्यूल नावाचा दफनसमूह आहे. २००५ मध्ये तेथे एका लहान मुलीचे दफन सापडले. तिच्याजवळ सोन्याचे अलंकार होते. त्यानंतर २०१० मध्ये शेजारीच एका प्रौढ स्त्रीची लाकडी कोठी हाती लागली. सोने, अंबर आणि जेट या काळ्या खड्याचे दागिने तीत होते. विशेष म्हणजे ओढ्याच्या व नदीच्या पाण्याने जमीन कायम ओली राहिल्यामुळे लाकूड कुजले नव्हते. हवा न लागल्याने ते टिकले. उघडे पडून वाळले असते तर थोड्याच काळात त्याचा भुगा झाला असता. म्हणून शास्त्रज्ञांनी जागेवर न खोदता सुमारे ८० टन वजनाचा मातीचा संपूर्ण ठोकळा कोठीसह उचलला आणि कार्यशाळेत नेऊन सावकाश उकलला. लाकडातील वार्षिक वलयांची रुंदी ज्ञात कालक्रमाशी जुळवून पाहता ही कोठी इसवी सनपूर्व ५८३ मधील ठरली. लिखित नोंद नसलेल्या समाजाच्या बाबतीत एवढी नेमकी तारीख ही दुर्मीळ प्राप्ती होय.

त्या स्त्रीच्या दफनात घोड्याच्या कपाळावर बांधण्याचे कांस्याचे आभूषणही होते. विदर्भातील वाचकांना येथे माहुरझरीची आठवण होईल. नागपूरजवळच्या या स्थळी शिलावर्तुळांखालील लोहयुगीन दफनांत तांब्याच्या शिरोभूषणांसह घोडे सापडले आहेत. या दोन समाजांचा परस्परांशी संबंध होता, असे कोणी म्हणत नाही. घोडा हा प्रतिष्ठेचा साथी आणि तो मृत्यूनंतरही सोबत हवा, ही भावना मात्र दोन्हीकडे दिसते. जुनापाणीची शिलावर्तुळे पाहिलेल्या माणसाला डॅन्यूबकाठची वाट म्हणूनच परकी वाटणार नाही.

हेर्बर्टिंगेनपर्यंत उल्महून रेल्वेने जाता येते. पावसानंतर राईतील वाट निसरडी होते, तेव्हा पादत्राणे मजबूत असावीत. गड आणि टेकड्या निवांतपणे पाहावयाच्या असल्यास पूर्ण दिवस हाताशी ठेवावा. टेकड्यांवर चढण्याचा मोह टाळणे बरे. पायांनीही माती झिजते. २०२४ मध्ये याच परिसरात, रीडलिंगेनजवळ, संपूर्ण टिकलेली आणखी एक ओकची कोठी सापडली. प्राथमिक कालमापनानुसार ती इसवी सनपूर्व ५८५ मधील आहे. तीही प्राचीन काळीच लुटलेली होती. परंतु छतापासून तळापर्यंतचे लाकूड जसेच्या तसे होते.