व्हिलासचे सात आठवडे

टेनिसच्या जुन्या निकालांचा नाद एकदा लागला की १९७७ या सालापाशी माणूस अडकतोच. मीही त्यातलाच. त्या वर्षी अर्जेंटिनाच्या गिलेर्मो व्हिलासने १६ स्पर्धा जिंकल्या. त्यांत फ्रेंच आणि अमेरिकन अशी दोन ग्रँड स्लॅम अजिंक्यपदे होती, आणि ऑस्ट्रेलियात तो अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता. एवढे करून डिसेंबरअखेर एटीपीच्या क्रमवारीत पहिला कोण, तर जिमी कॉनर्स. कॉनर्सने त्या वर्षी एकही ग्रँड स्लॅम जिंकलेली नव्हती. विम्बल्डनचा अंतिम सामना तो बोर्गकडून हरला आणि अमेरिकन स्पर्धेचा खुद्द व्हिलासकडून. ‘वर्ल्ड टेनिस’ मासिकाने व्हिलासला वर्षातला पहिला खेळाडू ठरवले, पण एटीपीच्या तक्त्यात तो दुसराच राहिला. कारकीर्द संपेपर्यंत त्या तक्त्यात तो एकदाही पहिला झाला नाही.

टेनिसच्या चाहत्यांना हे ढोबळमानाने ठाऊक असते. अन्याय झाला, असे म्हणून विषय संपवलाही जातो. पण कागद उलगडत गेले की या गोष्टीत एक मेख सापडते, आणि ती १९७७ मध्ये नाही. तिथे येण्याआधी तो हंगाम एकदा झरझर पाहून घेऊ.

जानेवारीत मेलबर्नला रॉस्को टॅनरच्या सर्व्हिसपुढे व्हिलासचे काही चालले नाही, तीन सरळ सेटमध्ये पराभव. मग स्प्रिंगफिल्ड, ब्वेनोस आयरिस आणि व्हर्जिनिया बीच ही विजेतेपदे. पॅरिसला अंतिम सामन्यात ब्रायन गॉटफ्रीडला ६-०, ६-३, ६-०. ग्रँड स्लॅमचा अंतिम सामना इतका एकतर्फी क्वचितच झाला असेल. मात्र त्या वर्षी पॅरिसला बोर्ग आणि कॉनर्स दोघेही नव्हते. बोर्ग अमेरिकेतल्या वर्ल्ड टीम टेनिसमध्ये गुंतला होता. कॉनर्सला त्याच साखळीपायी १९७४ मध्ये पॅरिसने प्रवेश नाकारला होता आणि तेव्हापासून तो रागाने तिकडे फिरकलाच नव्हता. व्हिलासच्या टीकाकारांचे हे आवडते हत्यार आहे आणि ते अगदीच बोथट नाही. १६ पैकी १४ विजेतेपदे मातीवरची होती, त्यांतली कित्येक दुय्यम स्पर्धांतली, हेही खरेच.

विम्बल्डनच्या हिरवळीवर तिसऱ्या फेरीत बिली मार्टिनने त्याला घरी पाठवले. त्यानंतर सुरू झाला तो उन्हाळा. किट्झब्यूल, वॉशिंग्टन, लुईव्हिल, साउथ ऑरेंज, कोलंबस ही पाच विजेतेपदे ओळीने, आणि मग फॉरेस्ट हिल्स.

न्यूयॉर्कच्या वेस्ट साइड टेनिस क्लबवरची ती शेवटची अमेरिकन खुली स्पर्धा. पुढच्या वर्षी ती फ्लशिंग मेडोजला गेली. १९७५ ते ७७ ही तीन वर्षे तिथे हिरवट रंगाची माती होती, म्हणजे कॉनर्सच्या घरात व्हिलासची जमीन. उपांत्य फेरीत कॉनर्सने बाराझुत्तीविरुद्ध एक प्रताप केला. त्याचा फटका बाहेर गेला की आत पडला यावर वाद सुरू होताच तो जाळी ओलांडून पलीकडे धावला आणि बुटाने चेंडूची खूण पुसून आला. पंच पाहत राहिले. आपल्याकडच्या गल्ली क्रिकेटमध्येही याला मार पडला असता. अंतिम सामन्यात व्हिलासने पहिला सेट गमावला, पुढचे दोन घेतले आणि चौथ्यात कॉनर्सला एकही गेम दिला नाही: २-६, ६-३, ७-६, ६-०. शेवटच्या गुणाचा निर्णय लागताच प्रेक्षक कोर्टावर घुसले आणि त्यांनी व्हिलासला खांद्यावर घेतले. चिडलेला कॉनर्स बक्षीस समारंभाला न थांबता निघून गेला.

ही विजयमालिका ऑक्टोबरच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हाँसला तुटली, आणि ती तोडली एका रॅकेटने. जर्मनीतल्या वर्नर फिशर नावाच्या बागायतीतल्या माणसाने एक विचित्र विणकाम शोधले होते. उभ्या तारांचे दोन थर, मधून आडव्या तारा, आणि उभ्या-आडव्या एकमेकींत विणलेल्याच नाहीत. तारांवर प्लॅस्टिकच्या नळ्या असल्यामुळे तिला स्पॅगेटी रॅकेट म्हणत. चेंडू आदळला की तारा सरकत आणि परत जागेवर येताना त्याला अचाट फिरकी देत. त्याच अमेरिकन स्पर्धेत माइक फिशबाख या फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या खेळाडूने ती घेऊन स्टॅन स्मिथला हरवले होते. इली नस्तासे पॅरिसमध्ये या रॅकेटपुढे हरला, तिच्या नावाने बोटे मोडली आणि पुढच्याच आठवड्यात स्वतः ती घेऊन उतरला. नस्तासेच तो! अंतिम सामन्यात व्हिलास पहिले दोन सेट ६-१, ७-५ असे हरला आणि वैतागून सामना सोडून चालता झाला. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय महासंघाने त्या रॅकेटवर तात्पुरती बंदी घातली आणि १९७८ मध्ये ती कायमची केली.

विम्बल्डननंतरचे सलग ४६ विजय तिथे थांबले. त्यांत पॅरिसचे सात मिळवले की मातीवरचे ५३ होतात. हा मातीवरचा विक्रम २००६ पर्यंत टिकला. त्या वर्षी फ्रेंच स्पर्धेत राफाएल नदालने तो मोडला. एक्सनंतर व्हिलास थंड पडला असेही नाही. तेहरान, बोगोटा, सँटियागो, पुन्हा ब्वेनोस आयरिस आणि शेवटी जोहान्सबर्ग अशी आणखी पाच विजेतेपदे त्याने नोव्हेंबरअखेरपर्यंत मिळवली.

मग तो दुसरा कसा? उत्तर क्रमवारीच्या गणितात आहे. १९७२ मध्ये खेळाडूंनी स्वतःची संघटना काढली, ती एटीपी. त्याआधी कोणाला स्पर्धेत घ्यायचे हे संयोजकांच्या मर्जीवर चाले. ही मनमानी मोडायला २३ ऑगस्ट १९७३ रोजी संगणकावरची पहिली क्रमवारी निघाली. तिचा मूळ हेतू प्रवेश ठरवण्याचा होता, मुकुट चढवण्याचा नव्हता. ही बाब पुढच्या सगळ्या भांडणात विसरली जाते. रीत अशी: गेल्या ५२ आठवड्यांत मिळालेले गुण घ्यायचे आणि खेळलेल्या स्पर्धांच्या संख्येने भागायचे. स्पर्धा १२ पेक्षा कमी असल्या तरी भाजक १२ धरायचा.

म्हणजे सरासरी. विजय मर्चंटांची प्रथम श्रेणीतली ७१.६४ ही सरासरी तोंडपाठ असलेल्या आपल्या लोकांना तिची महती सांगायला नको. पण सरासरी हजेरी मोजत नाही. समजा, एकाने १२ स्पर्धांत ६०० गुण मिळवले, सरासरी ५०. दुसऱ्याने २४ स्पर्धांत १,०८० मिळवले, सरासरी ४५. जवळपास दुप्पट कमावणारा मागे. व्हिलास त्या वर्षी ३० हून अधिक स्पर्धा खेळला. छोट्या गावातली छोटी स्पर्धा जिंकली तरी तिचे थोडे गुण त्याची सरासरी खालीच ओढत. तो जिंकत होता आणि जिंकण्यानेच तोट्यात जात होता. कॉनर्स मोजके खेळे आणि मोठ्या स्पर्धांत अंतिम फेरीपर्यंत हटकून पोचे. या नियमासाठी त्याच्याइतका सोयीचा खेळाडू दुसरा नव्हता. मला हा नियम मुळातच चुकीचा वाटतो. ज्या खेळाचे संयोजक खेळाडूंनी सतत खेळावे म्हणून गळ घालत, त्याच खेळाची क्रमवारी सतत खेळणाऱ्याला शिक्षा करत होती. पण नियम सर्वांना आधीपासून ठाऊक होता आणि सर्वांना सारखाच लागू होता. १९९० मध्ये सरासरी जाऊन सर्वोत्तम १४ निकालांची बेरीज आली, तेव्हा व्हिलासचा काळ सरलेला होता.

इथे एदुआर्दो पुप्पो हा माणूस येतो. अर्जेंटिनाचा टेनिस पत्रकार, आपल्या देशातल्या टेनिसचा इतिहास हाच ज्याचा ध्यास. २००७ च्या डिसेंबरात महिलांच्या संघटनेने, म्हणजे डब्ल्यूटीएने, एक अजब घोषणा केली. १९७६ च्या वसंतात दोन आठवडे ऑस्ट्रेलियाची इव्हॉन गुलागाँग जगात पहिली होती. त्या वेळी काही निकाल हिशेबात आलेच नव्हते, म्हणून ते कुणाला कळले नाही. ३१ वर्षांनी चूक दुरुस्त झाली आणि गुलागाँगचे नाव पहिल्या क्रमांकाच्या यादीत गेले. तिच्याबाबतीत हे घडू शकते, तर व्हिलासच्या बाबतीत का नाही, असे पुप्पोच्या डोक्यात आले. साधा प्रश्न, पण त्याने त्याची वर्षेच्या वर्षे खाल्ली.

तेव्हाच्या एटीपीच्या तक्त्यांत त्याला एक मोठे भगदाड दिसले. १९७३ ते १९७८ अखेरपर्यंतच्या सुमारे २८० आठवड्यांत क्रमवारी प्रसिद्ध झाली होती फक्त १२८ वेळा. उरलेल्या आठवड्यांत जुनाच तक्ता पुढे चालू धरलेला. स्पर्धा होत होत्या, गुण मिळत होते, जुने गुण ५२ आठवड्यांची मुदत संपून गळत होते, पण बेरीज-भागाकार करून कागद बाहेर काढायला कुणी बसलेले नव्हते. प्रवेशासाठी तेवढे पुरत होते. ‘अमुक आठवडे पहिला’ या गोष्टीला त्या काळात आजच्यासारखे मोलच नव्हते.

पुप्पोला आकडेमोडीसाठी जोडीदार मिळाला तो रुमानियाचा मारियान चुल्पान. गंमत पाहा, व्हिलासचा त्या दिवसांतला प्रशिक्षक आयॉन तिरिआकही रुमानियाचा आणि स्पॅगेटी रॅकेटवाला नस्तासेही. या दोघांनी त्या वर्षांतल्या स्पर्धांचे निकाल गोळा केले, प्रत्येक स्पर्धेचे गुण तेव्हाच्या नियमाने ठरवले आणि न निघालेल्या आठवड्यांची क्रमवारी नव्याने मांडली. फक्त व्हिलासचे गुण मोजून भागणार नव्हते. त्याच्या आजूबाजूच्या प्रत्येक खेळाडूची त्या आठवड्याची सरासरी हवी होती. म्हणजे कुणी कुठे पहिल्याच फेरीत गारद झाला तेही शोधणे आले. व्हिलासने स्वतःच्या वह्या आणि ध्वनिफिती पुप्पोच्या हवाली केल्या. हजाराहून अधिक पानांचा अहवाल तयार झाला.

मघाशी म्हटलेली मेख त्या अहवालात आहे. १९७७ बद्दल तो व्हिलासच्या बाजूने उभा राहत नाही. सरासरीच्या नियमाने त्या वर्षी कॉनर्सच पुढे होता. अहवाल म्हणतो, व्हिलास पहिला होता तो १९७५ मधले पाच आठवडे आणि १९७६ च्या आरंभीचे दोन. एकूण सात.

१९७५! हे वर्ष व्हिलासच्या चाहत्यांना आठवायलाही नको असते. त्या एप्रिलअखेर तो दुसऱ्या क्रमांकावर पोचला. पॅरिसला अंतिम सामन्यात बोर्गने त्याला हरवले. आणि फॉरेस्ट हिल्सला उपांत्य सामन्यात मानुएल ओरांतेसविरुद्ध त्याने पहिले दोन सेट घेतले, तिसरा गमावला, चौथ्यात ५-० अशी आघाडी मिळवली. हातात मॅच पॉइंट आले, एकदा नव्हे पाचदा. तो सामना तो हरला: ४-६, १-६, ६-२, ७-५, ६-४. ओरांतेसने दुसऱ्या दिवशी कॉनर्सला सरळ सेटमध्ये लोळवून अजिंक्यपद नेले. कॉनर्स तर त्या वर्षी ऑस्ट्रेलिया, विम्बल्डन आणि अमेरिका हे तिन्ही अंतिम सामने हरला होता. म्हणजे ज्या वर्षी व्हिलासच्या पदरी एकही ग्रँड स्लॅम नव्हती, त्याच वर्षी सरासरी त्याच्या बाजूला झुकली होती आणि नेमके तेव्हाच तक्ता काढणारे गप्प होते. १९७७ मध्ये त्याला नियमाने मारले. १९७५ मध्ये आळसाने. पहिल्याबद्दल दाद मागता येत नाही, दुसऱ्याबद्दल मागता येते. पुप्पोचे मोठेपण मला यात दिसते की सगळा देश १९७७ चा जप करत असताना आकडे जिकडे गेले तिकडे तो गेला.

२०१५ मध्ये एटीपीने नकार कळवला. तेव्हा ख्रिस कर्मोड प्रमुख होते. आकडेमोड चूक आहे असे एटीपीने म्हटले नाही. जे आठवडे तेव्हा प्रसिद्ध झाले नाहीत त्यांची क्रमवारी आता मागे जाऊन तयार करणार नाही, एवढेच म्हटले. २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर या सगळ्यावर माहितीपट आला. मातीयास गेइलबुर्तने तो केला आहे. त्यात म्हातारा होत चाललेला, आठवणी निसटू लागलेला व्हिलास दिसतो. पण माझ्या लेखी त्याचा नायक पुप्पोच, खोक्यांनी आणि कात्रणांनी भरलेल्या खोलीत बसलेला.

एटीपीच्या नकारात अर्थ नाही असे नाही. एक तक्ता उघडला की सगळे उघडावे लागतील, कोण नवव्याऐवजी सातवा होता यावरही अर्ज येतील. पण डब्ल्यूटीएने गुलागाँगसाठी कपाट उघडले आणि आभाळ कोसळले नाही. मला वाटते, अडचण व्हिलासची नाही, कॉनर्सची आहे. अधिकृत नोंदीप्रमाणे २९ जुलै १९७४ ते २२ ऑगस्ट १९७७ असे सलग १६० आठवडे तो पहिला होता. रॉजर फेडररने फेब्रुवारी २००७ च्या अखेरीस, आपल्या १६१ व्या आठवड्यात, हा विक्रम मोडला तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता! व्हिलासचे सात आठवडे मान्य केले तर कॉनर्सची ती साखळी अधेमधे तुटते आणि तिचा कुठलाच तुकडा शंभरापर्यंतही पोचत नाही. मग तोपर्यंतचा सर्वांत लांब पल्ला ठरतो इव्हान लेंडलचा, १९८५ ते १९८८ मधले सलग १५७ आठवडे. आणि फेडररने विक्रम मोडला तो तीन आठवडे आधीच, कुणाच्या लक्षातही न येता.