घासण्याआधी वाचून घ्या

तीन गिअरची एखादी जुनी रॅली सायकल हाती लागली, तर आधी तिच्या मागच्या चाकाच्या हबवरचं काळं वंगण चिंधीने पुसून काढा. ‘स्टर्मी-आर्चर’ हे नाव दिसेल आणि जवळच ठोकलेले बारीक आकडे. समजा ते 52 आणि 6 असले, तर तो हब 1952 सालच्या जूनमध्ये नॉटिंगहॅमच्या कारखान्यात तयार झाला. पावती केव्हाच हरवलेली, घरात कुणाला काही आठवत नाही. पण हबला आपला महिनासुद्धा पक्का ठाऊक!

एकदा ही नजर आली, की सायकल जागोजागी बोलू लागते. रॅलीच्या पुढच्या दातेरी चक्रात बगळ्यांची तीन डोकी दिसतात. बीएसएच्या बिल्ल्यावर तीन रायफली एकमेकींना टेकून उभ्या असतात, कारण ही मुळात बर्मिंगहॅमची बंदुका बनवणारी कंपनी. चकाकीलाही वय असतं. 1920च्या दशकात बराच काळ हँडल, रिम यांच्यावर निकेलचा मुलामा असे. त्याची झाक किंचित पिवळसर. त्या दशकाच्या अखेरीस क्रोम आलं, ते निळसर. म्हणून 1915ची म्हणवणारी सायकल निळसर लखलखत असेल, तर नंतर कुणीतरी तिच्यावर हात फिरवलाय, हे जाणत्याला लांबूनच कळतं.

आता अशी सायकल ‘एकदम नव्यासारखी करा’ म्हणून दुकानात दिली, तर काय होतं? सँडब्लास्टिंगमध्ये वाळूचा मारा जुना रंग थेट धातूपर्यंत खरवडतो. भट्टीत भाजलेलं काळं इनॅमल जातं, कारागिराने बारीक ब्रशने ओढलेल्या सोनेरी रेघा जातात, मूळ विक्रेत्याच्या नावाचा स्टिकर जातो. वर पावडर कोटिंगचा जाड थर बसला, की फ्रेमवर ठोकलेला नंबर बुजायला लागतो. पुन्हा क्रोम चढवायचं तर आधी बफिंग आलं, आणि त्यात बारीक अक्षरांच्या कडा झिजतात. सायकल देखणी होते आणि मुकी होते.

म्हणजे गंज तसाच ठेवायचा? मुळीच नाही. तो थांबवलाच पाहिजे, आणि इथे रसायनशास्त्र मोठी गंमत करतं. गंज म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड. गंजलेला भाग ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणात बुडवून ठेवला, की आम्ल त्या ऑक्साइडचं पाण्यात विरघळणारं संयुग करून टाकतं. क्रोम बहुतेक जसंच्या तसं राहतं. आम्ल विषारी आहे, तेव्हा हातमोजे हवेतच. क्रोमवर नुसते तांबूस ठिपके असतील, तर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात भिजवून चोळली तरी पुरतं. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे गंज निघतो, पण ओरखडा उमटत नाही.

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातली बीएसएची पॅराट्रूपर सायकल आहे. विमानातून उडी घेणाऱ्या सैनिकाला नेता यावी म्हणून ती मधोमध दुमडते; हाताने फिरवायचे दोन नट सैल केले की झालं. अशा सायकलला झगमगीत रंग द्या, हँडलला नवं क्रोम चढवा, आणि युद्धच पुसलं जाईल.

मग जुन्या सायकलला हातच लावू नये, असं वाटू लागतं. पण नेमका इथेच कॅलिफोर्नियातला एक डोंगर आडवा येतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी आहे. 1970च्या दशकात तिथल्या काही तरुणांनी 1930-40च्या दशकांतल्या जाड टायरच्या श्विन एक्सेलसियर सायकली स्वस्तात उचलल्या, मडगार्ड काढून टाकले आणि मातीच्या उतारावर सोडल्या. 21 ऑक्टोबर 1976 रोजी ‘रिपॅक’ नावाची शर्यत सुरू झाली. तीन-साडेतीन किलोमीटरच्या वाटेत सुमारे 400 मीटर उतार! पायडल उलटं दाबून लागणारा ब्रेक इतका तापे, की हबमधलं ग्रीस जळून धूर निघे आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावं लागे. असं पुन्हा भरणं म्हणजे ‘रिपॅक’; त्यावरूनच शर्यतीला नाव पडलं. त्या तरुणांपैकी गॅरी फिशरने आपल्या श्विनला डिरेलर गिअर आणि ड्रम ब्रेक जोडले, म्हणजे तीच सायकल डोंगर चढूही लागली. 1977 साली त्यांच्यातल्याच जो ब्रीझने जुनी फ्रेम न शोधता नवीच बांधली. ती ‘ब्रीझर’ आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आपण जिला माउंटन बाइक म्हणतो, ती अशी जन्माला आली. आणि तिची 26 इंची चाकं पुढे कितीतरी वर्षं जगभर चालली, तीही त्या जुन्या श्विनचीच देणगी.

आज त्या टोळीतली खरी श्विन कुणाला सापडली आणि त्याने गिअर उतरवून, मडगार्ड बसवून ती शोरूममधल्यासारखी केली, तर तिच्यातलं सगळ्यात मोलाचं तेच नाहीसं होईल. तिचा मोठा दिवस कारखान्यातून निघण्याचा नव्हताच.

म्हणून पाना हातात घेण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: या सायकलीच्या अंगावर कोणता काळ लिहिलेला आहे, आणि मी करतोय तो बदल उलटवता येईल का? सीट, हँडल, चाकं, ब्रेक खुशाल बदला. काढलेले भाग पिशवीत जपून ठेवले, की पुढचा माणूस ते परत बसवू शकतो. कापणं, वेल्डिंग आणि सँडब्लास्टिंग मात्र परत फिरत नाही. एखाद्या दूधवाल्याच्या जुन्या सायकलला कॅनचं वजन पेलावं म्हणून जाड सळ्यांचा कॅरिअर वेल्ड केलेला असेल, तर तो ‘मूळचा नाही’ म्हणून कापू नका. कारखान्यात त्याच मॉडेलच्या हजारो सायकली एकसारख्या निघाल्या. त्यांतली ही एक कुणाच्या पोटापाण्याला लागली, हे फक्त तो कॅरिअर सांगतो.